वहीतला किनारा

स्मरणिका समितीने शाळेच्या इतिहासावर लेख मागितला तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. स्थापना, इमारत, देणगीदार, मुख्याध्यापकांची यादी हे सगळं सुवर्णमहोत्सवी अंकात येऊन गेलं आहे. शिवाय दहावीला मला इतिहासात किती मार्क होते हे ज्यांना आठवतंय, ते हा लेख कुतूहलानेच उघडतील. पण गेल्या दिवाळीत रत्नागिरीला आले होते तेव्हा आपल्या विज्ञानाच्या सरांना भेटायला गेले आणि निघताना त्यांनी माझ्या हातात एक वही ठेवली. म्हणाले, "तू आकड्यांतली माणूस. बघ काही निघतंय का यातून."

सरांचं नाव लिहीत नाही, तशी त्यांची अट आहे. १९९५ च्या बॅचला ते सांगायची गरजही नाही.

वही जाड, वाण्याच्या दुकानात असते तसल्या लाल कापडी बांधणीची. पहिल्या पानावर एकच शब्द: किनारा. जून १९८२ पासून ऑक्टोबर १९९६ पर्यंत, महिन्यातून एकदा, बहुतेक पहिल्या रविवारी, सर भाट्याच्या सुरूबनापासून झरी विनायकापर्यंत चालत गेले आहेत आणि वाळूवर जे पडलेलं दिसलं ते त्यांनी लिहून ठेवलं आहे. मधले काही महिने सुटलेत. मार्च-एप्रिल तर बरेचदा, कारण बोर्डाचे पेपर तपासायला यायचे. बाकी पाऊस असो, गणपती असो, नोंद आहे. शाळेने हे काम त्यांना सांगितलं नव्हतं आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ते करताहेत हे माहीत होतं. आपल्याला वाटायचं, सर सकाळी फिरायला जातात.

ही वही म्हणजे आपल्या शाळेत समुद्र कसा शिकवला गेला त्याचा इतिहास आहे, असं मला ती संगणकावर उतरवताना हळूहळू कळत गेलं.

आपण समुद्र शिकलो तो मुख्यतः कपाटातून. प्रयोगशाळेत भिंतीकडचं काचेचं कपाट होतं, त्यातल्या भरण्या आठवा. तारामासा, समुद्रघोडा, एक छोटी मोरी, पिवळ्या पडलेल्या फॉर्मॅलिनमध्ये काहीतरी वेटोळं घातलेलं, ज्याचं लेबल कधीच गळून गेलं होतं आणि ज्याला आपण "हेडमास्तर" म्हणत होतो. पुस्तकात प्राणिसंघ होते: रंध्रीय, मृदुकाय, संधिपाद, कंटकचर्मी. तारामासा कंटकचर्मी हे पाठ होतं. मात्र तो शाळेपासून पंधरा मिनिटांवर ओहोटीत जिवंत सापडू शकतो, हे कुणी विचारलं नाही म्हणून कुणी सांगितलं नाही.

खरं तर रत्नागिरीसारख्या गावाला या बाबतीत तक्रार करायला जागा नव्हती. पेठकिल्ल्याचं सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र १९५८ पासून आहे. तिथलं मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा आपण सगळ्यांनी पाहिलाय, काहींनी त्याच्या बरगड्या मोजताना एकमेकांना ढकललंही आहे. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ चं. मुंबईच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालय ठरलेलं असायचं. ते १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालं. खाली गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ ची. १९८७ साली तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. आपण तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. पुढे दहावीपर्यंत ते नाव कुठल्याही तासाला ऐकल्याचं मला आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल तर सांगा.

एवढं सगळं जवळ असून शिकवलं जायचं ते समुद्रात काय राहतं एवढंच. समुद्रात काय पडतं हा कुणाचाच विषय नव्हता. विज्ञानाच्या पुस्तकात जलप्रदूषण म्हणजे कारखान्याचं सांडपाणी, आणि नागरिकशास्त्रात सार्वजनिक स्वच्छता म्हणजे रस्त्यावर थुंकू नये. मराठीच्या पेपरात "समुद्रकिनाऱ्यावरील एक संध्याकाळ" हा निबंध हमखास. आपण सगळ्यांनी तो लिहिलाय. सूर्याचा लाल गोळा, लाटांचं संगीत, शंख-शिंपले, भेळवाला. भेळेचा कागद पुढे कुठे गेला हे एकाही निबंधात नाही.

सरांनी कपाटाबाहेर जायचं ठरवलं ते ब तुकडीतल्या एका मुलामुळे. वहीत १९९३ च्या पावसाळ्यानंतर त्याची नोंद आहे. मिरकरवाड्याचा, घरची होडी. प्राणिसंघांत तो नापास झाला होता, पण एकदा मधल्या सुट्टीत त्याने कपाटातल्या सगळ्या भरण्यांना घरची नावं सांगितली. हा पाकट, ही मोरी, हे म्हाकूल. सरांनी त्याला फळ्यापाशी उभं केलं आणि वर्गाला म्हणाले, आज हे तुमचे सर. त्यानेच आपल्याला भरतीचं गणित शिकवलं, आठवतंय? तिथीला पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. भरती-ओहोटी चंद्रामुळे होते हे भूगोलात होतंच, पण घड्याळाशी जुळणारं उत्तर पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकलं. मी पुढे इंजिनिअरिंगला गेले, आयुष्य संगणकाच्या प्रोग्रामांत गेलं, तरी इतकं छोटं आणि इतकं उपयोगी सूत्र मला फार क्वचित भेटलं.

त्यानंतर नववीत आणि दहावीत सर आपल्याला पाच-सहा वेळा ओहोटीला भाट्याला घेऊन गेले. वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी घालणारे खेकडे, लाट मागे गेली की वाळूत घुसणारे शिंपले, काळ्या कातळाला चिकटलेली कालवं. मुलींना चपला काढायला लावल्या म्हणून एका पालकांनी तक्रारही केली होती. हे सगळं आपल्या आठवणीत आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. वहीत जे आहे ते वेगळं आहे.

सुरुवातीच्या पानांवर समुद्राने टाकलेल्या वस्तू अशा: नारळ, सुपारीची विरी, दोरखंड, लाकडाचा ओंडका, परदेशी अक्षरांची काचेची बाटली, मेलेलं कासव, माशाचा मणका, "वल्ह्याचा तुकडा (ओळखीचा)". यातलं पुष्कळसं लोक उचलून नेत. ओंडका सरपणाला, बाटली रॉकेलला, दोर परसात. सरांनी काही ठिकाणी पुढे लिहिलंय: "संध्याकाळपर्यंत गेले." किनाऱ्यावर कचरा नव्हता असं नाही. जे यायचं त्याला कुणीतरी धनी होता.

मग प्लॅस्टिक येतं. एकदम नाही. उतरवून घेताना माझ्या तक्त्यात घोळ झाला, तो सांगण्यासारखा आहे. "पिशवी" या शब्दाची मोजणी करायला गेले तर आकडे विचित्र दिसायला लागले. पाने पुन्हा वाचली तेव्हा उलगडा झाला. १९८३-८४ मध्ये सर लिहितात "प्लॅस्टिकची पिशवी". मुद्दाम, पूर्ण, कारण नुसती पिशवी म्हणजे कापडाची, प्रत्येकाच्या घरी दाराच्या खिळ्याला असायची ती. १९८९ च्या आसपास ते "प्लॅ. पिशवी" होतं. १९९३ पासून नुसतं "पिशवी". आणि एका ठिकाणी वाळूत बाजाराची जुनी पिशवी सापडली, तर तिथे लिहिलंय "कापडी पिशवी". दहा वर्षांत शब्दाने बाजू बदलली आणि लिहिणाऱ्याच्याही ते लक्षात आलं नाही. मी सरांना फोन करून विचारलं तर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हो गं, तसंच बोलायला लागलो होतो आपण."

त्या दहा वर्षांत काय झालं ते आपल्याच घरांतलं आहे. मासळी पानात किंवा घरच्या डब्यात यायची, ती पिशवीत यायला लागली. तेलाची बरणी घेऊन जाणं गावंढळ वाटू लागलं. शाम्पूची पुडी आली, गुटख्याची आली. मखर थर्माकोलचं झालं आणि ते गणपतीबरोबर मांडवीला गेलं. मासेमारीची जाळी त्याआधीच सुताची जाऊन नायलॉनची झाली होती. सुताचं जाळं तुटून समुद्रात राहिलं तर कुजायचं, नायलॉनचं वर्षानुवर्षं मासे पकडत राहतं. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन पर्यटक आले, पण तोपर्यंत सरांची वही थांबली होती. म्हणजे पर्यटकांवर सगळं ढकलायची सोय वहीने ठेवलेली नाही.

सर हे करत होते तेव्हा जगात दुसरीकडेही लोक हेच करत होते, आणि त्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता. १९७१ मध्ये एडवर्ड कार्पेंटर या शास्त्रज्ञाने सरगॅसो समुद्रात तरंगतं शेवाळ गोळा करायला जाळी टाकली, त्यात प्लॅस्टिकचे दाणे आले. त्याने ते छापलं, फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरानिस आणि कॅथी ओहारा या दोघींनी स्वच्छतेसाठी लोक बोलावले. सुमारे २,८०० लोक आले आणि १२४ टन कचरा निघाला. त्या दोघींचं खरं डोकं कचरा उचलण्यात नव्हतं. प्रत्येकाच्या हातात त्यांनी एक कार्ड दिलं होतं आणि उचललेली प्रत्येक वस्तू त्यावर नोंदवायची होती. कचरा कुठून येतो हे नोंदींवरून सांगता यायला लागलं. बोटींवरून समुद्रात प्लॅस्टिक टाकण्यावर बंदी घालणारं मार्पोल कराराचं पाचवं परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ ला लागू झालं, त्यामागे असल्या पुराव्याचं बळ होतं. आज सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारे साफ करतात ते त्या टेक्सासच्या सकाळपासून. भारतात २००६ पासून तटरक्षक दल त्याचं नियोजन करतं.

मला सगळ्यात आवडतो तो ब्रिटनमधला प्रकार. ॲलिस्टर हार्डी या जीवशास्त्रज्ञाने एक यंत्र बनवलं होतं. १९३१ पासून ते मालवाहू जहाजांच्या मागे बांधून ओढतात. आत रेशमी जाळीची गुंडाळी फिरते आणि पाण्यातले सूक्ष्मजीव तिच्यात अडकतात. हेतू एवढाच की माशांचं अन्न कुठे किती आहे ते कळावं. या गुंडाळ्या फॉर्मॅलिनमध्ये जपून ठेवल्या गेल्या, दशकानुदशकं. २००४ मध्ये रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकापासूनचे ते जुने नमुने बाहेर काढले आणि त्यांत प्लॅस्टिकचे बारीक तंतू शोधले. सापडले. आणि नंतरच्या दशकांत ते वाढलेले होते. आज शाळेतल्या मुलांनाही माहीत असलेला "मायक्रोप्लॅस्टिक" हा शब्द त्या शोधनिबंधापासून रूढ झाला. ज्यांनी ते नमुने भरले त्यांच्या कल्पनेतही हा प्रश्न नव्हता. आपल्या प्रयोगशाळेचं कपाट २००९ च्या नूतनीकरणात रिकामं करून भरण्या फेकून दिल्या, हे कळल्यापासून मला "हेडमास्तर"ची आठवण जरा जास्तच येते.

आता सहलीचं सांगते. ते टाळून हा लेख लिहिता येणार नाही.

जानेवारी १९९५. दहावीचा निरोप समारंभ शाळेत झाला आणि दुसऱ्या दिवशी सगळी बॅच भाट्याला. फोटो तुमच्यापैकी अनेकांकडे आहे, व्हॉट्सॲपवर दर वर्षी फिरतो. सुरूच्या बनात जेवण झालं. थर्माकोलच्या डिश, प्लॅस्टिकचे ग्लास, फरसाणाच्या पिशव्या. नवीन होतं, मिरवायचं होतं, भांडी घासावी लागणार नव्हती. जेवणानंतर सरांनी सगळं गोळा करायला लावलं, मुलांनी वाळूत कमरेएवढा खड्डा खणला आणि आपण सगळं त्यात पुरून वर पाय आपटून वाळू सपाट केली. तेव्हा तसंच शिकवत, कचरा उघड्यावर टाकू नये, पुरावा. आपल्याला शाबासकी मिळाली. मी तर पुढे कॉलेजच्या एका मुलाखतीत "समुद्रकिनारा स्वच्छतेत सहभाग" म्हणून ही गोष्ट सांगितली होती.

वहीत त्या तारखेला तीन ओळी आहेत. "दहावीची सहल. जेवणाचा कचरा मुलांनी वाळूत पुरला. मी पुरायला सांगितले."

आणि ऑगस्ट १९९५: "बनासमोरची वाळू उतरली. पुरलेले वर आले. डिश, ग्लास जसेच्या तसे. पुढच्या भरतीला गेले."

पावसाळ्यात किनारा झिजतो हे कोकणात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. जूनच्या लाटा वाळू ओढून आत नेतात आणि गणपती-नवरात्रानंतर ती हळूहळू परत येते. सरांना ते माहीत होतं, वहीत दर वर्षीची नोंद आहे. तरीही त्या दिवशी पुरायला सांगितलं, कारण माहीत असणं आणि शिकवणं या दोन कप्प्यांत मध्ये दार नव्हतं. ऑगस्टनंतर सरांनी सहामाहीला नववीच्या वर्गात हीच गोष्ट धडा म्हणून सांगितली, स्वतःची चूक म्हणून. आपण तेव्हा अकरावीत होतो, आपल्याला कळलं नाही. आपल्या मागच्या बॅचला हे माहीत आहे, आपल्याला नाही, हे मला फार लागलं. मी सरांना म्हटलं, "सर, तुम्ही आम्हाला का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तुम्ही पास होऊन गेला होतात."

पुढचा इतिहास तुम्ही पेपरात वाचलाय, मी फक्त आपल्या जिल्ह्यापुरता सांगते. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने मंडणगड तालुक्यात वेळासला कासवांची अंडी वाचवायला सुरुवात केली, २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरतो, आणि ज्या गावात अंडी चोरीला जात तिथली मुलं आता पाहुण्यांना घरटं दाखवतात. १९९१ आणि २००३ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी पर्यावरण हा विषय शाळांना सक्तीचा झाला. चांगलं झालं, पण सक्तीचा झाला की प्रकल्प वही येते. माझ्या भाचीने "सागरी प्रदूषण" हा प्रकल्प केला होता, त्यात समुद्र, मासे आणि तरंगणारा कचरा हे तिन्ही थर्माकोलचे होते. २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत थर्माकोलच्या डिश गेल्या. त्याच वर्षापासून जाळ्यात सापडलेलं कासव किंवा दुसरा संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. मिरकरवाड्याचा आपला मित्र, आता दोन बोटींचा मालक, त्याबद्दल म्हणाला, "पैसे ठीक गो, पण फोटो काढून पाठवायला लागतो. पोरं तो फोटो शाळेत नेऊन दाखवतात. ते मला जास्त आवडतं." जाळ्यात पिशव्या किती येतात असं विचारलं तर नुसता हसला.

आणि या वर्षीचं. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर एक ऑलिव्ह रिडले मादी अंडी घालायला आली, तिच्या पायाला धातूचा छोटा बिल्ला होता, क्रमांक ०३२३३. तो २०२१ मध्ये ओडिशात लावलेला. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगळी असं समजलं जायचं, त्याला त्या एका बिल्ल्याने धक्का दिला. ओडिशात कुणीतरी वाळूत बसून एक आकडा लिहून ठेवला होता, एवढंच.

रविवारच्या कार्यक्रमात समितीने "भाट्ये किनारा स्वच्छता, सकाळी ७ ते ८" असं ठेवलं आहे. टी-शर्ट छापून झालेत, त्याबद्दल मी काही बोलत नाही. ही स्मरणिका शनिवारी संध्याकाळी तुमच्या हातात पडेल, म्हणून तीन गोष्टी इथेच लिहिते. मी वहीतल्या वस्तूंची नावं घेऊन एक कार्ड केलं आहे, दोनशे प्रती आणते आहे. त्यात "पिशवी" हा शब्द नाही, "प्लॅस्टिकची पिशवी" आणि "कापडी पिशवी" असे दोन रकाने आहेत. आताच्या नववीच्या मुलांनी पुढच्या प्रत्येक महिन्याची नोंद करायचं कबूल केलं आहे. सरांची जुनी वही संपलेली नाही, मागे चाळीसेक कोरी पानं आहेत, आणि ती मुलांकडे द्यायला सर तयार आहेत.

तिसरी गोष्ट वेळेची. २८ डिसेंबरला पौष शुद्ध अष्टमी आहे. आठाचा पाऊणपट सहा. सातला पोचलो तर पाणी अजून वरच असेल आणि भरतीने काय आणलं ते नीट दिसणार नाही. भांगाची भरती आहे, पाणी सावकाश उतरेल. नाश्ता आधी उरकून नऊनंतर या. सर साडेनऊला झरी विनायकाच्या बाजूने चालत येणार आहेत.